वरळीच्या मनोऱ्याची दृष्टि

नभोवाणीच्या लहरींना डोंगराचें भय नसतें. मुंबईहून निघालेला आवाज मध्यम लहरींवर आरूढ झाला म्हणजे जमिनीच्या गोलाईबरोबर तोहि वांकत जातो, आणि रात्र पडली कीं आकाशाच्या वरच्या थरांवर आदळून पुन्हा खालीं उतरतो. त्यामुळें शेंकडों मैलांवरच्या खेड्यांतहि तो पोंचतो. चित्र वाहून नेणाऱ्या लहरींचा स्वभाव निराळा. त्या आखूड असतात आणि बहुतांशीं प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत जातात. वाटेंत डोंगर आला कीं त्याच्या पलीकडे त्यांची सावली पडते. पृथ्वीची गोलाई आली कीं तिला वळसा न घालतां त्या सरळ आकाशांत निघून जातात. म्हणून दूरचित्रवाणीचें केंद्र हें जन्मतःच स्थानिक असतें. त्याच्या मनोऱ्याला जेवढें दिसतें तेवढेंच त्याचें राज्य. वरळीस आज उभा असलेला पोलादी मनोरा तीनशें मीटर उंच आहे. गणित मांडलें तर एवढ्या उंचीवरून सुटलेली लहर सपाट मुलखांत सुमारें सत्तर किलोमीटर जाईल. पण मुंबईच्या पश्चिमेस सपाट आहे तो समुद्र, आणि पूर्वेस उभी आहे ती सह्याद्रीची भिंत. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टींत ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरचित्रवाणी-केंद्र सुरू झालें, आणि जवळजवळ दहा वर्षें तें त्या पट्टीचेंच होऊन राहिलें.

मुंबईला हा दिवस पाहण्यासाठीं फार वाट पाहावी लागली. ज्या शहरांत ता. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें आपलें पहिलें केंद्र उघडलें आणि ज्या शहरांत बोलपटांचा केवढा तरी धंदा उभा राहिला, त्याला दूरचित्रवाणी मिळाली ती दिल्लीमागून तेरा वर्षांनीं. दिल्लीचा प्रयोग ता. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झाला. क्षेपक लहानसा, युनेस्कोचें साहाय्य, सार्वजनिक ठिकाणीं मांडलेले थोडेसे ग्राहक-संच आणि आठवड्यांतून अगदीं मोजका वेळ कार्यक्रम, असा तो मामला होता. त्या पहिल्या दिवसांतील निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते, हें मराठी माणसानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९६५ सालीं तेथें रोजचा कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६७ च्या प्रजासत्ताकदिनापासून दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी खेड्यांसाठीं ‘कृषिदर्शन’ निघालें. एवढ्या मुदतींत देशांतील दुसऱ्या कोणत्याहि शहराच्या वांट्याला कांहीं आलें नाहीं.

यामागें केवळ सरकारी आळस होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. परकीय चलनाची चणचण होती, धान्य बाहेरून आणावें लागत होतें, आणि गरीब देशाला ही चैन कशाला हवी, असें म्हणणारीं माणसें मूर्ख नव्हतीं. उलट बाजू मांडणाऱ्यांत विक्रम साराभाई हे अग्रणी होते. ज्या देशांत शाळा, रस्ते आणि डॉक्टर कमी, त्यालाच या साधनाची गरज अधिक, असें त्यांचें म्हणणें. त्यांचा डोळा मात्र शहरांवर नसून उपग्रहाच्या द्वारें खेड्यांपर्यंत जाण्यावर होता. १९७१ च्या डिसेंबर अखेर ते निवर्तले. मुंबईचें केंद्र त्यानंतर नऊ महिन्यांनीं उघडलें. पुढें या केंद्राच्या नशिबीं जें आलें त्यांत त्या उपग्रहाचा हात मोठा होता, म्हणून ही गोष्ट आरंभींच सांगून ठेविली पाहिजे.

उद्घाटनास दिवस निवडला तो गांधीजयंतीचा. सरकारी कामांस हा दिवस नेहमींच सोयीचा पडतो. तथापि येथें त्यांत थोडी मौज होती. गांधीजी ध्वनिक्षेपणाच्या केंद्रांत उभ्या आयुष्यांत एकदांच गेले. ता. १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांशीं बोलण्यासाठीं ते दिल्लीच्या केंद्रावर आले होते. त्यांच्या नांवाचा दिवस घेऊन निघालेल्या केंद्रावर पुढें सर्वांत अधिक आतुरतेनें पाहिलीं गेलीं तीं चित्रपटांतलीं गाणीं, हेंहि सांगावयास हरकत नाहीं.

त्या वेळच्या मुंबईची वस्ती सुमारें साठ लक्ष. त्यांतील ज्यांच्या घरीं ग्राहक-संच आला त्यांची गणना चाळींत आणि वाडींत बोटांवर होई. संच म्हणजे चार पायांचें लांकडी कपाटच असे. त्याला सरकती दारें, आणि त्या दारांना कित्येक घरीं कुलूपहि. आंतील चित्र काळेंपांढरें. गच्चीवर किंवा कौलांवर ॲल्युमिनिअमच्या दांड्यांचा सांगाडा उभारावा लागे, आणि वाऱ्यानें किंवा कावळ्यानें तो फिरला कीं घरांतील एका मुलानें वर जाऊन तो हलवावयाचा, दुसऱ्यानें खिडकींतून ‘आलें, आलें, गेलें’ असें ओरडावयाचें, हा नित्याचा प्रकार. संच बाळगण्यास परवाना लागे. पोस्टांत जाऊन दरसाल त्याची फी भरावी लागे आणि पुस्तकांत शिक्का मारून घ्यावा लागे. नभोवाणीच्या श्रोत्यांना ही रीत ओळखीची होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ती पद्धत रद्द झाली.

संच एकाचा, पण प्रेक्षक साऱ्या मजल्याचे. संध्याकाळ झाली कीं शेजारचीं मुलें आधीं दारांत, मग उंबरठ्याच्या आंत आणि शेवटीं सतरंजीवर अशीं पुढें सरकत. शनिवारीं मराठी आणि रविवारीं हिंदी बोलपट असला म्हणजे घरच्या माणसांना आपल्याच खोलींत उभें राहण्याची पाळी येई. यजमानीणबाई चहा करावा कीं न करावा या विवंचनेंत, आणि पाहुणे मात्र व्यत्ययाची पाटी केव्हां जाते याकडे डोळे लावून बसलेले. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही अक्षरें त्या पिढीनें इतक्या वेळां वाचलीं कीं क्षमस्व हा संस्कृत शब्द घराघरांत रूढ करण्याचें श्रेय पंतोजींपेक्षां बिघडलेल्या यंत्रांना अधिक द्यावें लागेल.

परंतु पडद्यावर दाखवावयाचें काय आणि दाखवावयाचें कोणीं? हें केंद्र त्या वेळीं आकाशवाणीचाच एक विभाग होतें. आवाजाचें शास्त्र जाणणारीं माणसें त्यांत होतीं. चित्राचें शास्त्र शिकलेलीं थोडीं. पुण्याच्या चित्रपट-संस्थेंत दूरचित्रवाणीचें शिक्षण दिल्लीहून हलवून आणलें गेलें तें १९७४ सालीं, म्हणजे मुंबईचें केंद्र दोन वर्षांचें झाल्यावर. अशा वेळीं केंद्रानें हात पसरला तो शेजाऱ्यांकडे. वरळीपासून दादरचें शिवाजी मंदिर आणि प्रभादेवीचें रवींद्र नाट्यमंदिर हाकेच्या अंतरावर म्हणावें इतकीं जवळ. छबिलदास शाळेच्या सभागृहांत १९७४ च्या सुमारास प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहिली, तीहि दादरासच. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, महाविद्यालयें, प्रकाशक, गायनाचे क्लास, सारें बसच्या टप्प्यांत. दिवसा कचेरींत नोकरी करणारा आणि रात्रीं रंगभूमीवर उभा राहणारा नट ही मराठी नाट्यसृष्टीची जुनी परंपरा. तो आतां संध्याकाळीं वरळीस उतरून चित्रीकरण आटपून प्रयोगाला वेळेवर पोंचूं शकत होता. पैसा तुटपुंजा मिळे. पण दुसऱ्या दिवशीं भाजीबाजारांत माणसें वळून पाहत, आणि नटाला तेवढें पुरतें.

म्हणून या केंद्राचे पहिल्या दशकांतील कार्यक्रम पाहिले तर त्यांत एका शहराची शेजारवस्तीच दिसते. ‘गजरा’ म्हणजे छोट्या छोट्या नाट्यप्रवेशांची माळ. ‘नाट्यावलोकन’ मध्यें सुरेश खरे चालू नाटकांची ओळख करून देत. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ मध्यें लेखक-कलावंतांच्या मुलाखती होत. ज्यांचीं पुस्तकें वाचलीं त्यांचे चेहरे कसे आहेत, ते बोलतांना हात कसे हलवतात, हें वाचकांनीं प्रथमच पाहिलें, आणि कांहीं लेखकांबद्दल त्यांचा थोडा भ्रमनिरासहि झाला. मुलांसाठीं ‘किलबिल’, गृहिणींसाठीं ‘सुंदर माझं घर’, गिरणगांवासाठीं ‘कामगार विश्व’, शेतकऱ्यांसाठीं ‘आमची माती आमची माणसं’. गुजराती, हिंदी आणि इंग्रजी यांनाहि वेळ वांटून दिलेला होता, कारण मनोऱ्याच्या दृष्टींत येणारी मुंबई एकभाषी नव्हती. हिंदीमध्यें तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम केंद्राबरोबरच १९७२ सालीं जन्मला आणि १९९३ पर्यंत चालला. गुरुवारचें ‘छायागीत’ तर सर्वांचेंच. ग्राहक-संच विकत घेण्यास माणसें प्रवृत्त झालीं तीं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ मुळें कीं ‘छायागीता’ मुळें, हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. पण एकदां संच घरांत आल्यावर त्यावर दोन्ही दिसत, आणि दुसरें कांहीं लावण्याची सोय नव्हती. पुढल्या काळांत ज्याला निवडीचें स्वातंत्र्य म्हणतात तें नसल्याचा हा एक फायदा. ज्याला साहित्याशीं कर्तव्य नव्हतें त्यानेंहि नाइलाजानें का होईना, कवीला बोलतांना पाहिलें.

आकाशानंद यांनीं चालविलेल्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाचा विशेष निराळाच. तो केवळ पाहून सोडून देण्याचा कार्यक्रम राहिला नाहीं. प्रेक्षकांनीं ठिकठिकाणीं ज्ञानदीप मंडळें काढलीं, पत्रें लिहिलीं, कार्यक्रमांत पाहिलेल्या गोष्टी आपापल्या गांवीं करून पाहिल्या. शाळेपासून दूर राहिलेल्या प्रौढांना शिकविण्याचें साराभाईंचें स्वप्न उपग्रहावांचून कांहीं अंशीं येथें साधलें, आणि तें पोस्टाच्या साहाय्यानें साधलें.

याहून स्थानिक अशी एक गोष्ट होती ती ‘आपण यांना पाहिलंत का?’ ही. घरांतून निघून गेलेल्या, वाट चुकलेल्या, हरवलेल्या माणसांचीं छायाचित्रें पडद्यावर येत. नांव, वय, उंची, अंगावर काय कपडे होते तें निवेदक संथपणें वाचून दाखवी. करमणूक म्हणावी असें त्यांत कांहींच नव्हतें. तरी घरेंच्या घरें तें निमूटपणें पाहत. कारण उघड आहे. ज्या लहरी कल्याणच्या पलीकडे फारशा जात नव्हत्या त्यांच्या कक्षेंतच तें हरवलेलें मूल असण्याचा संभव होता. कदाचित् पाहणाऱ्याच्याच स्टेशनावर, त्याच्याच रस्त्यावर. साऱ्या देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर असा कार्यक्रम केला तर तो केवळ बातमी होईल. शेजाऱ्यानें शेजाऱ्याला विचारलेला प्रश्न तो राहणार नाहीं.

निवेदकांचे चेहरे तर घरच्यांसारखे झाले. मराठी बातम्यांचे पहिले निवेदक म्हणून विश्वास मेहेंदळे यांचें नांव घेतलें जातें. १९७४ पासून प्रदीप भिडे यांचा आवाज त्यांत मिसळला आणि तो दीर्घकाळ टिकला. भक्ति बर्वे यांनीं निवेदिकेचें काम केलें; १९७५ सालीं ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली तेव्हां प्रेक्षकांना त्या अपरिचित नव्हत्या. बातम्या वाचणाऱ्या तरुण स्मिता पाटील यांना पडद्यावर पाहूनच श्याम बेनेगल यांनीं त्यांना चित्रपटांत घेतलें. जीन्सवर घाईघाईनें साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत अशी आख्यायिका सांगितली जाते, आणि ती खरी मानावयास अडचण नाहीं. कॅमेरा कमरेखालीं पाहत नसे. एक खरें कीं नभोवाणीचा निवेदक आवाजापुरता ओळखीचा असे आणि रस्त्यांत कोणालाहि न कळतां फिरूं शके. दूरचित्रवाणीनें त्याचें तें सुख घेतलें.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धांत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. चिंतामणराव स्वतः १९६३ सालींच वारले होते. त्यांनीं निर्माण केलेला हा भाबडा कारकून त्यांच्या मागून पंधराएक वर्षांनीं दिलीप प्रभावळकर यांच्या रूपानें आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांच्या रूपानें घरोघर आला. पुढें मालिका या शब्दानें जी अजस्र वस्तु महाराष्ट्रावर कोसळली तिचा हा आरंभ होता, हें तेव्हां कोणाला माहीत असणार! वाचलेलीं पात्रें डोळ्यांपुढें येतांना बहुधा खुजीं होतात. येथें तसें झालें नाहीं, आणि त्याचें एक कारण हें असावें कीं चिमणरावांचें घर आणि पाहणाऱ्याचें घर यांत अंतर फारसें नव्हतें. तीच मध्यमवर्गीय काटकसर, तेच पाहुणे, तीच फजिति.

या सुमारास मनोऱ्याच्या दृष्टीला एक खिडकी मिळालेली होती. सह्याद्रीपलीकडील पुणें मुंबईच्या लहरींच्या छायेंत पडलें होतें. तेव्हां १९७३ सालीं सिंहगडावर सहक्षेपक बसविण्यांत आला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यास दिसूं लागले. समुद्रसपाटीपासून तेराशें मीटरांवर असलेल्या या किल्ल्यावरून पूर्वीं टेहळणी होई ती त्याच गुणामुळें, ज्या गुणासाठीं अभियंत्यांनीं तो निवडला: तेथून दूरवर दिसतें. तानाजीच्या समाधीच्या गडावर असा मनोरा उभा राहिलेला कोणास रुचला, कोणास खुपला. पण त्यामुळें झालें असें कीं मराठी नाटकाचीं आणि मराठी साहित्याचीं दोन मोठीं गांवें एकाच संध्याकाळीं एकच चित्र पाहूं लागलीं. नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर मात्र अंधारांतच राहिलीं. मुंबईच्या केंद्राला महाराष्ट्राचें केंद्र म्हणण्याचा प्रघात पडला होता. त्यांत अतिशयोक्ति होती, आणि विदर्भ-मराठवाड्यांतील माणसाला ती बोंचत असल्यास त्याचा दोष नव्हता.

आतां त्या काळाची खरी हानि सांगितली पाहिजे. आरंभीं पुष्कळसे कार्यक्रम थेट दाखविले जात. कलावंत कॅमेऱ्यापुढें बोले आणि त्याच क्षणीं तें चित्र हवेंत निघून जाई. बातम्यांसाठीं चित्रपटाच्या अरुंद फिल्मवर चित्रीकरण होई. चुंबकीय फीत होती. पण ती परदेशाहून आणावी लागे आणि अतिशय महाग असे. तिचा एक गुण असा कीं ती पुसून पुन्हा वापरतां येते, आणि हा गुणच घातक ठरला. नवा कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करावयाचा तर जुना पुसावयाचा, हा हिशेब तेव्हां काटकसरीचा वाटला. जगांत इतरत्रहि हेंच घडत होतें, ब्रिटनच्या बी. बी. सी. नेंहि आपल्या कितीतरी जुन्या फिती अशाच पुसून टाकल्या. परंतु श्रीमंताघरचें एक ताट फुटणें आणि गरिबाघरचें एकच ताट फुटणें यांत अंतर आहे. एका पिढीच्या नटांच्या हालचाली, लेखकांचें बोलणें, गवयांच्या मैफिली, गिरणी-कामगारांचे चेहरे जेथें प्रथम टिपले गेले तेथेंच ते पुसलेहि गेले. कोणीं द्वेषानें हें केलें नाहीं. उद्यांच्या कार्यक्रमाला फीत हवी होती, एवढेंच.

१९६६ सालीं चंदा समितीनें आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांना एकमेकांपासून वेगळें करून सरकारी खात्याबाहेरील स्वतंत्र मंडळांच्या हवालीं करावें, अशी शिफारस केली होती. त्यांतली पहिली अर्धी गोष्ट दहा वर्षांनीं झाली, आणि तीहि आणीबाणीच्या ऐन भरांत. ता. १ एप्रिल १९७६ पासून ‘दूरदर्शन’ आकाशवाणीहून वेगळें झालें, पण स्वतंत्र झालें नाहीं. एका खात्याचीं दोन खातीं झालीं इतकेंच. त्याच वर्षाच्या आरंभापासून जाहिराती घेतल्या जाऊं लागल्या. पंडित रविशंकर यांनीं बांधलेली आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांच्या सनईंतून उमटलेली ती परिचित धून याच खात्याची खूण बनली. दूरचित्रवाणीच्या कायदेशीर स्वायत्ततेस मात्र प्रसार भारतीच्या स्थापनेपर्यंत, म्हणजे १९९७ च्या नोव्हेंबरपर्यंत, थांबावें लागलें.

मग १९८२ साल आलें. ता. १८ जानेवारीस मुंबईच्या कापड-गिरण्यांतील अडीच लक्षांच्या आसपास कामगार संपावर गेले. केंद्राच्या मनोऱ्याभोंवतीं ज्या गिरण्यांचीं धुरांडीं उभीं होतीं त्यांतून धूर निघणें थांबलें, आणि कित्येकांतून तो पुन्हा कधींच निघाला नाहीं. त्याच वर्षीं ता. १५ ऑगस्टला दिल्लीहून उपग्रहद्वारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि नोव्हेंबरांत होणाऱ्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें चित्राला रंग चढला. या दोन घटनांचा एकमेकींशीं कार्यकारणसंबंध नाहीं. पण वरळी-परळच्या माणसाला त्या एकाच वर्षांत भोगाव्या लागल्या. गिरणगांव आणि ‘गिरणगांव पाहणारें’ केंद्र या दोघांच्याहि हातून त्यांची संध्याकाळ निसटली ती तेव्हांपासून.

कारण राष्ट्रीय कार्यक्रमानें घेतली ती रात्रींची मुख्य वेळ. जेवणें आटोपून माणसें निवांत बसण्याच्या वेळेला आतां दिल्ली बोलूं लागली. मराठी कार्यक्रमांनीं संध्याकाळच्या आधींच्या तासांत आटोपशीर बसावयाचें. उपग्रहाला डोंगर अडवीत नाहीं. आकाशांतून आलेली लहर लहान लहान क्षेपकांनीं झेलावयाची आणि भोंवतालच्या गांवाला द्यावयाची. १९८४ सालीं तर असे क्षेपक जवळजवळ रोज एक या गतीनें देशभर उभारले गेले. त्यामुळें आजवर ज्यांनीं चित्र पाहिलें नव्हतें अशा कोट्यवधि लोकांनीं तें पाहिलें, आणि विदर्भ-मराठवाड्यांतल्या घरांतहि उजेड पडला, हें निर्विवाद आहे. त्या लाभाकडे पाठ फिरवून जुन्या मुंबईसाठीं उसासे टाकणें हा स्वार्थीपणा होईल. परंतु जें आलें तें बहुतांशीं दिल्लीचें होतें आणि एकच होतें. ‘हम लोग’, ‘रामायण’ यांच्या वेळीं सारा देश एकाच वेळीं एकाच पडद्यापुढें बसला, आणि त्या वेळीं मुंबईच्या केंद्राचें काम दिल्लीहून आलेलें पुढें देण्याचें.

१९८५ च्या महाराष्ट्रदिनीं मुंबईला दुसरी वाहिनी देण्यांत आली. शहराला आपली संध्याकाळ परत मिळावी असा त्यामागें हेतु होता. कांहीं काळ तसें झालेंहि. परंतु १९९३ सालीं चार महानगरांच्या दुसऱ्या वाहिन्या एकत्र जोडल्या गेल्या आणि त्यांचेंहि एकच चित्र झालें. तोंवर हवेंत दुसरेच वारे सुटले होते. ता. २ ऑक्टोबर १९९२ रोजीं, म्हणजे मुंबई-केंद्राला वीस वर्षें पुरीं झालीं नेमक्या त्या दिवशीं, झी ही खासगी हिंदी वाहिनी सुरू झाली. गच्चीवरील दांड्यांचे सांगाडे गंजूं लागले आणि चाळींच्या एका खिडकींतून दुसऱ्या खिडकींत काळ्या तारा धांवूं लागल्या. ज्या नटांना आणि निर्मात्यांना केंद्रानें कॅमेऱ्यापुढें आणि कॅमेऱ्यामागें उभें राहावयास शिकविलें, त्यांपैकीं कितीतरी जणांनीं पुढें या नव्या वाहिन्यांच्या मराठी भावंडांत आपलें बस्तान बसविलें. गुरूकुलाचें हें काम केंद्रानें न बोलतां केलें.

१९९४ सालीं मुंबईहून मराठीची स्वतंत्र उपग्रह-वाहिनी निघाली. साऱ्या महाराष्ट्राला, किंबहुना महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसालाहि, मराठी कार्यक्रम दिवसभर मिळण्याची सोय प्रथम झाली. तिला पुढें नांव दिलें गेलें तें ‘सह्याद्रि’. ज्या डोंगरानें वरळीच्या लहरी अडवून धरल्या, ज्याच्यामुळें पुण्यासाठीं सिंहगड चढावा लागला, त्याचेंच नांव अडथळा दूर झाल्यावर वाहिनीनें धारण केलें. नांव देणाऱ्यांच्या मनांत हें नसेल. त्यांना महाराष्ट्राचा कणा अभिप्रेत असणार.

जुन्या पद्धतीनें हवेंतून चित्र पाठविणारे देशांतील बहुतेक क्षेपक २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानें बंद करण्यांत आले. चार पायांचें तें लांकडी कपाट कोणाच्या माळ्यावर अजून असेल तर त्याला आतां पकडावयास कांहीं नाहीं. पुसण्यांतून वांचलेल्या जुन्या फितींपैकीं कांहीं दूरदर्शननें संगणकावर उतरवून घेतल्या आणि यूट्यूबवर सर्वांस खुल्या केल्या आहेत. चित्र काळेंपांढरें, मधूनच आडव्या रेघा जातात, आवाज खोल विहिरींतून आल्यासारखा. चिमणरावांचें घर त्यांत आहे, कांहीं मुलाखती आहेत, नाटकांचे प्रवेश आहेत. साठी उलटलेलीं माणसें तीं आपल्या नातवंडांना दाखवितात, आणि पडद्यावरच्या माणसाचें नांव आठवण्याआधीं शेजारच्या ज्या खोलींत बसून त्याला पाहिलें त्या खोलीच्या मालकाचें नांव सांगतात.